खारूचा आवाज

डोळ्यांत पाणी आणणारे सात प्रसंग निवडायचे होते, आणि सकाळचे साडेदहा वाजून गेले तरी एकावरही एकमत होत नव्हतं.

"सातच का पण?" बाबा म्हणाले.

"वाहिनीने सात मागितलेत," थोरला म्हणाला. "निरोपाचा खास भाग आहे. मध्ये जाहिराती असतात."

"वाहिनी सात मागते, वहिनी आठ लिहून देते, आणि मी मेला नऊ काढत बसतो."

हा विनोद थोरल्याच्या लग्नाइतकाच जुना होता. एरवी कुणीतरी हसायचं, निदान वहिनी तरी, बिचारी रीत म्हणून. आज कुणी हसलं नाही. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

स्टुडिओतल्या त्या लहानशा खोलीत पाच माणसं होती. पडद्यासमोरच्या सोफ्यावर आई-बाबा, त्यांच्यामागे थोरला आणि वहिनी, आणि भिंतीशी, बटणांच्या टेबलापाशी धाकटी. बाबा चित्रं काढायचे, थोरला स्टुडिओचा कारभार बघायचा, वहिनी संवाद लिहायची, धाकटी आवाज मुद्रित करायची. आईच्या गळ्याभोवती पातळ सुती रुमाल होता. उद्या सकाळी नऊ वाजता तिचं ऑपरेशन होतं, त्यात स्वरयंत्र काढून टाकणार होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही, असं स्पष्ट सांगितलं होतं.

आणि आईचा आवाज म्हणजे खारूचा आवाज.

चौतीस वर्षं ती कार्टून मालिका चालू होती. विसराळू बाप, तोंडाळ आई, आगाऊ थोरला, आणि खारू. खारू सहा वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला, खारीसारखा तुरुतुरु पळणारा. मालिका हसवायची, पण वर्षातून एखादा प्रसंग असा यायचा की हसता हसता लोक डोळे पुसायचे. ज्यांनी ती लहानपणी पाहिली त्यांची पोरं आता ती बघत होती, आणि खारू मात्र सहाचा सातही झाला नव्हता.

लोकांना एवढंच माहीत नव्हतं की खारू खरोखरच होता. थोरल्याच्या पाठचा. गच्चीवर लपाछपी खेळताना कठड्यावरून खाली पडला आणि गेला, तेव्हा तो सहा वर्षं आणि दोन महिन्यांचा होता. त्यानंतर बाबांनी तीन वर्षं कागदाला हात लावला नाही, आणि मग एक दिवस काढायला घेतलं ते खारूलाच. आवाजासाठी बाहेरची मुलं आणून पाहिली, एकाचंही जमेना. आई त्या दिवशी डबा द्यायला आली होती. "असं नाही रे बाळा, तो असं म्हणाला असता," एवढं बोलून तिने वाक्य म्हणून दाखवलं. आवाज-मुद्रणाच्या खोलीच्या काचेपलीकडे उभे असलेले बाबा मटकन खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून बाहेरची मुलं बंद झाली.

धाकटी त्यानंतरची. तिने खारूला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. लहान असताना तिची अशी समजूत होती की आपला एक भाऊ काचेच्या खोलीत राहतो आणि आई त्याला भेटायला जाते. पाच वर्षांची असताना एकदा तिने टेबलावर चढून बोलायचं बटण दाबलं होतं आणि विचारलं होतं, "खारू, तू घरी का येत नाहीस?" आत आई पाठमोरी बसली होती, कानांवर हेडफोन. तिने वळूनही पाहिलं नाही. खारूच्या आवाजात उत्तर आलं, "अजून राज्य संपलं नाही." धाकटी खूश झाली होती. भीती वाटली ती फार पुढे, जाणती झाल्यावर, एकदा आईला त्याबद्दल विचारलं तेव्हा. "मी? असलं काही बोललेच नाही मी," आई म्हणाली होती, आणि ती खोटं बोलत नव्हती.

"घर बदलण्याचा भाग लाव," थोरला म्हणाला. "तो तरी नक्की."

धाकटीने दिवे मंद केले. पडद्यावर सामानाने भरलेला ट्रक निघाला, मागे बापाची टोपी उडाली, आई पिंजऱ्यातल्या पोपटाशी भांडत होती. नव्या घरी पोचल्यावर सगळ्यांच्या लक्षात येतं, खारू कुठे आहे? ट्रक उलटा फिरतो. रिकामं घर, रिकाम्या खोल्या, भिंतीतलं कपाट. कपाट उघडतात तर आत गुडघे पोटाशी घेऊन खारू.

"मी काही रडत नव्हतो," खारू म्हणतो. "मोजत होतो."

वहिनीने नाक ओढलं. बाबा पुटपुटले, "कपाटाचं दार नीट नाही काढलं मी. बिजागरी उलटी आहे."

दुसरा प्रसंग शाळेच्या नाटकाचा. खारूला झाडाचं काम मिळतं. पडदा पडतो, टाळ्या होतात, सगळे घरी जातात. झाडू मारणाऱ्या बाईंना रंगमंचावर एक झाड अजून हात वर करून उभं दिसतं. "मला कुणी सांगितलंच नाही, संपलं म्हणून," झाड म्हणतं.

तिसरा, कौटुंबिक फोटोचा. गंमत करायची म्हणून खारू पडद्यामागे लपतो आणि त्याच्याविनाच फोटो निघतो. फोटो भिंतीवर लागतो. कित्येक दिवसांनी थोरल्याला त्यात पडद्याखाली दोन इवलेसे बूट दिसतात. "मी होतो की," मागून खारू म्हणतो. "तुम्ही बघितलं नाही."

धाकटीने तिथेच चित्र थांबवलं. इतक्या वर्षांत हे भाग तिने सुटेसुटे ऐकले होते, एकापाठोपाठ एक कधीच नाही. तिने टेबलावरच्या संहिता पुढे ओढल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "ह्या शेवटच्या ओळी कुणाच्या?"

"म्हणजे?"

"माझ्यासमोर तिन्ही संहिता आहेत. कपाटात खारू झोपलेला सापडतो असं लिहिलंय. झाडाला काही संवादच नाही. फोटोच्या भागात तू लिहिलंयस, 'बाबा, माझे बूट नवे आहेत.'"

वहिनी पुढे वाकून कागद बघू लागली. "पहिले दोन भाग मी यायच्या आधीचे. पण हा तर माझाच. मला वाटलं ह्यांनी ऐन वेळी बदललं."

"मी नाही बदललं," थोरला म्हणाला.

सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. आई पडद्यावरच्या त्या दोन बुटांकडे टक लावून बघत होती.

"मला काय विचारता?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. गेले चार महिने तिचा आवाज गंजलेल्या कडीसारखा झाला होता, दोन वाक्यांवर ती थकायची. "आत गेले की तोंडात येतात. कागदावर काय आहे ते मला तेव्हा दिसत नाही."

"प्रत्येक वेळी तो लपलेला आहे," धाकटी म्हणाली. "आणि कुणीतरी शोधायला यायचं राहिलंय."

थोरल्याची खुर्ची करकरली. तो उठून खिडकीशी गेला, पण त्या खोलीला खिडकी नावापुरतीच होती, आवाज आत येऊ नये म्हणून कायमची बंद केलेली. तिच्याकडे तोंड करून तो म्हणाला, "प्रसंगांचं नंतर बघू. आधी कामाचं बोलू या. वाहिनीला अजून दोन वर्षं मालिका हवी आहे. निरोपाच्या भागाला निरोप म्हणायचं, आणि महिन्याभराने पुन्हा सुरू करायचं. नव्या आवाजात."

"कुणाच्या?" आईने विचारलं.

"धाकटीच्या."

धाकटीला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"तुला येतो तो आवाज. नाही म्हणू नकोस. मुलाला झोपवताना काढतेस, मी दाराबाहेरून ऐकलंय. मला वाटलं आईच आली."

"दादा, ती गंमत होती!"

"गंमत कसली, वारसा आहे तो," बाबा एकदम बोलले. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "काढ ना तू आवाज. मी अजून दोन वर्षं सहज काढीन. खारू बोलत राहिला पाहिजे. तो गप्प झाला तर घरात काय उरतं?"

"मलाही तसंच वाटतं," वहिनी म्हणाली, पण तिची नजर हातातल्या कागदावरून हलत नव्हती.

"नाही," आई म्हणाली.

"अगं, पण..."

"अहो, नाही म्हटलं ना. मी चौतीस वर्षं त्याला सहाचा ठेवला. आता ह्या पोरीच्या गळ्यात बांधू? तिने त्याला पाहिलंसुद्धा नाही." तिला ढास लागली. धाकटीने पाणी दिलं. घोट घेऊन आई म्हणाली, "माझ्याबरोबर थांबू दे त्याला."

"आई, इतक्या माणसांचं पोट आहे ह्यावर," थोरला म्हणाला.

"माणसं हुशार आहेत. दुसरं काहीतरी काढतील."

वहिनीने कागद मांडीवर उपडा ठेवला. "मलाही वाटतं, थांबू दे."

"आत्ता तर माझ्या बाजूने होतीस!"

"होते. पण अहो, ही वाक्यं बघा ना. हे मूल खेळत नाहीये, कंटाळलंय. त्याला घरी यायचंय."

 थोरल्याचा चेहरा असा झाला होता की धाकटीला विचारावंसं वाटलं, दादा, तुला बरं नाही का? पण बाबाच उठले आणि काठी टेकत बाहेर गेले. मग थोरला घड्याळ बघून रुक्षपणे म्हणाला, "शेवटची ओळ तरी घेऊन टाकू. उद्या शक्य नाही."

ओळ अगदी साधी होती. खारू प्रेक्षकांकडे बघून हात हलवतो आणि म्हणतो, "चला, मी पळतो. टाटा!" बस्स.

आई काचेच्या खोलीत गेली. तिने रुमाल सोडून शेजारी ठेवला आणि नेहमीसारखी पाठमोरी बसली. कुणी बघत असताना तिला खारू येत नसे. धाकटी टेबलाशी, तिच्यामागे थोरला उभा. वहिनी दाराशी.

"आई, जमेल तेवढंच," धाकटी बटण दाबून म्हणाली. "घसा ओढू नकोस."

लाल दिवा लागला. आत शांतता होती. टेबलावरची आवाज मोजणारी सुई हलत नव्हती. श्वासाचासुद्धा आवाज येत नव्हता, आणि आईचा श्वास तर हल्ली दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा.

मग आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, पडलेल्या दातांतून जरासा फुसफुसणारा. चार महिन्यांत आईच्या गळ्यातून असा आवाज निघाला नव्हता. दहा वर्षांतही निघाला नसेल.

"दाद्या," खारू म्हणाला, "शंभर झाले का रे?"

धाकटीने चमकून मागे पाहिलं. मालिकेतला खारू मोठ्या भावाला 'भाऊ' म्हणायचा. दाद्या हा शब्द कुठल्याच संहितेत नव्हता. थोरल्याला ह्या घरात कुणी दाद्या म्हणत नव्हतं.

थोरला पांढराफटक पडला होता. त्याने टेबलाची कड धरली.

"बंद कर," तो म्हणाला.

धाकटीचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"दाद्या, झाले का?"

घरात ती गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने सांगितली जायची. राज्य थोरल्यावर होतं. तो गच्चीच्या दाराशी डोळे मिटून शंभरापर्यंत मोजत होता. खारू टाकीमागे लपायला गेला, तिथे विटा रचलेल्या होत्या, त्यावरून पाय घसरला. थोरल्याने डोळे उघडले तेव्हा सगळं झालं होतं. दहा वर्षांचा मुलगा, त्याचा काय दोष? असं सगळेच म्हणायचे. बाबा तर कितीदा म्हणायचे.

थोरल्याने धाकटीच्या खांद्यावरून हात पुढे केला आणि बोलायचं बटण दाबलं.

"मी मोजलंच नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्याच्या वयाचा राहिला नव्हता. "तीसपर्यंत मोजलं. मग खाली आगीचा बंब आला, घंटा वाजवत, तो बघायला मी खाली पळालो. तुला सांगितलं नाही. तू लपलेला होतास, मला वाटलं, राहू दे लपलेला. मी बंब बघत होतो, खारू. मी तिथे नव्हतोच."

दाराशी वहिनीने तोंडावर हात घेतला.

आत पाठमोरी आकृती हलली नाही. सुई शून्यावर होती. 

"माहितीय," खारू म्हणाला. "वरून दिसत होतं."

आणि जरा वेळाने, मोठ्या खुशीत, "लालभडक होता ना? शिडी केवढी होती! मी पण बघत होतो."

थोरला जमिनीवर बसला. एवढा मोठा अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, टेबलाच्या पायाला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. वहिनी धावली. धाकटीने लाल दिवा बंद केला आणि आत गेली. आई रुमाल गळ्याभोवती बांधत होती. बोटं गार पडली होती तिची.

"झालं का गं?" तिने विचारलं. आवाज पुन्हा गंजलेला. "टाटा नीट आला ना? पुन्हा घ्यायचं तर घे आत्ताच."

"नको," धाकटी म्हणाली. "छान आलं."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर फक्त बाबा बोलत होते. बाबांना काही कळलं नव्हतं. ते आपले धाकटीला पुन्हा पुन्हा म्हणत होते, "विचार कर, विचार कर."

सकाळी इस्पितळात आईला हिरवा झगा घातला होता आणि केस टोपीत बांधले होते. तिचं डोकं एवढंसं दिसत होतं. नर्स म्हणाली, दहा मिनिटं आहेत. बाबा बाहेर कागदांवर सह्या करत होते, वहिनी त्यांना कुठे करायच्या ते दाखवत होती. पलंगाच्या एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला थोरला. तो रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

आईने त्याचा हात धरला.

"ऐक," ती म्हणाली. "माझ्याकडे आवाज थोडाच उरलाय. काल मी आत काय बोलले मला आठवत नाही. पण तू काय बोललास ते ऐकू आलं. हेडफोन होते कानांवर."

"आई, नको आता..."

"मला ते तेव्हाच माहीत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. तू खाली रस्त्यावर दिसलास, बंबाजवळ, तोंडाचा आ करून. मला हसू आलं." ती थांबली. घशात काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. "मग मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वर बघून ओरडले. खारू, अरे बघ बघ, बंब आलाय! मला वाटलं, त्याचं राहून जाईल बघायचं. वर कठड्यावर त्याचं डोकं दिसलं. 'कुठे?' म्हणाला. मी बोट दाखवलं."

धाकटीला पलंगाची गार कड हाताला लागली. तिने ती घट्ट धरून ठेवली.

"तू सांगितलंस, मी मोजत होतो," आई म्हणाली. "ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पण मला बरं वाटलं रे. तू खोटं बोललास म्हणून मलाही गप्प बसता आलं. अडतीस वर्षं तुझ्या आड लपले मी. तू दहा वर्षांचा होतास आणि मी तुझी आई होते."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला, तो धाकटीने स्पष्ट पाहिला. मग तो राग कुठे गेला ते तिला कळलं नाही.  दारात नर्स आली.

"काहीतरी बोल," आई म्हणाली. "मी आत जायच्या आधी बोल. शिवी दे हवं तर."

"जास्त बोलू नकोस," थोरला म्हणाला. "घसा दुखेल."

हे म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्याच्या लक्षात आलं. आईच्याही आलं. ती हसायला लागली, आणि हसताना तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी टोपीत उतरत राहिलं. पलंगाची चाकं हलली तेव्हाही ती हसत होती.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले. वहिनीने सगळ्यांसाठी चहा आणला, तो कुणी प्यायलं नाही. अडीच वाजता डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित झालं, एकेकाने आत जा. कुणी काही ठरवलं नाही, पण थोरलाच उठला.

धाकटी दाराच्या गोल काचेतून बघत होती. आई शुद्धीवर आली होती. गळ्यापासून छातीपर्यंत पट्ट्या होत्या, एक नळी होती. थोरला तिच्याशी वाकला. तिचे ओठ हलले, सवयीने. त्यातून काही निघणं शक्य नव्हतं, निघायला आत काही उरलंच नव्हतं. तरी थोरल्याने कान अगदी तिच्या तोंडाजवळ नेला. बराच वेळ तो तसाच राहिला. मग त्याने मान हलवली, जरा थांबून पुन्हा हलवली, आणि एकदम खुदकन हसला. दहा वर्षांचा पोरगा हसावा तसं.

तो बाहेर आला तेव्हा धाकटीने विचारलं, "काय म्हणाली आई?"

"आई कुठे काय म्हणाली?" थोरला म्हणाला. त्याने डोळे पुसले आणि मालिका संपली असं वाहिनीला कळवण्यासाठी खिशातून फोन काढला. "तोच बोलत होता."